होऊन राहिलं

डॉक्टर साताऱ्याकडचा, नवा.
मेडिकलच्या ओपीडीत, अठरा नंबरच्या खोलीत
कागदावर माहं नाव लिहिते:
यशोधरा नितनवरे, वय एकेचाळीस.
"नक्की कधी झालं हे?"

मी म्हणतो, झालं नाही जी.
होऊन राहिलं.

तो हासते. त्याले वाटते हे आमचं नागपुरी.
येऊन राहिला, खाऊन राहिली,
आम्ही सारे असेच बोलतो, त्यात काय.
पण पहा ना बाप्पा, शब्द दोन हायेत:
होऊन.
आन् राहिलं.

बाकीचं सारं मले मांगं पडलेलं सापडते.
लग्न सापडते, पोरीचं बारसं,
इंदोऱ्याच्या खोलीचं भाडं किती होतं, तेही.
पिशवीतून पावती काढावी तसं काढतो,
पाहतो, घडी करून ठेवून देतो.
हे तसं नाही.
हे मले काढते.

होळी जळली का गल्लीत कूलर निघतात.
कोणी टाकी घासते, कोणी जाळीत नवा वाळा भरते.
पहिलं पाणी वाळ्यावर पडते
आन् मी चहा गाळून राहिली असंन
त गाळणीसकट
शेडमधी.
ओला वाळा तोंडावर. उजव्या कानात शिट्टी.
जिभेवर पितळ.
एका पायात चप्पल हाय, दुसरी कोठी?

आवाज माह्याजवळ नाही.
सारे म्हणतात, वाडी नाक्यापर्यंत गेला,
दुकानाचे काच हालले.
मी बादलीभर अंतरावर होती, मले नाही भेटला.
मले भेटली छबीची क्लिप,
निळी, एक दात तुटेल.
तिच्या डब्यातली भेंडी. भेंडीले चिकटेल मोहरी.
ती म्हणून राहिली, "जाय तू, कूलरात पाणी टाक,
तुह्या स्टुलावर मी बसतो."
मी बादली उचलून राहिली.
मंग एकदम वाळा.

मधातलं कोणं कापून नेलं?
रात्री मीच बसतो तिथं ठिगळ लावत.
एका रात्री म्हणतो, राहू दे वो, जेवल्यावर टाकतो पाणी.
एका रात्री बादलीची कडी निघते, मी परत येतो.
एका रात्री तिलेच धाडतो पाण्याले,
स्टुलावर मीच.
त्या रात्री झोप लागते.

नाही त गच्चीवर असतो मी, नवतप्यातही.
फरशी बारा वाजता रात्रीही चटके देते.
पोरगी म्हणते, आई, भाजून निघशीन.
शेजारची म्हणते, बिल वाचवते.
छबीच्या घरवाल्याले चेक भेटला कंपनीचा.
त्यावर तारीख होती.
त्याच्याजवळ तारीख तरी हाय.

डॉक्टर म्हणते, "एक करून बघू. वाक्याच्या शेवटी 'होती' लावा."
कोणत्या?
"कोणत्याही. लहानसं घ्या."
मी तोंड उघडतो. क्लिप निळी,
तेवढ्यात वऱ्हांड्यात शिपाई कूलर चालू करते.
खट्.

टेबलाची कड हातात हाय. कड टेबलाची हाय.
टेबल मेडिकलचं हाय.
हे मी म्हणून राहिली का तो, माहीत नाही.
तो उठते, बटन बंद करून येते, बसते.
कोणी काही बोलत नाही.
त्याच्या कपाळाचा घाम कागदावर पडते,
माह्या आडनावावर, शाई पसरते.

"क्लिप," मी म्हणतो.
लय वेळ लागते.
"निळी होती."

लिहून घेते तो. पुढच्या बुधवारी या, म्हणते.
बाहेर येतो त चपला दोन्ही जागेवर.
पायरी उतरता उतरता हिशेब करतो:
एक क्लिप गेली मांगं.

छबी अजून स्टुलावर
बसून राहिली.